लिनक्सवरचं मुक्त टूल विंडोज आणि मॅकवर नेताना: आधी काय, नंतर काय

गणपती दीड महिन्यावर आले की इंदुरात मला दोन प्रकारचे फोन येतात. एक वर्गणीचा. दुसरा, "ते लिनक्सवरचं विंडोजवर चालवता येईल का रे?" असा. दुसऱ्या फोनवाल्याने बहुतेक वेळा आधीच दोन रात्री घालवलेल्या असतात. सोर्स कोड विंडोजवर उतरवला, कंपाइलर बसवला, बिल्डची (कोडपासून चालणारं टूल बनवण्याची) कमांड दिली आणि येईल ती एरर मारत बसला. शेवटी टूल त्याच्या लॅपटॉपवर उघडतं आणि बाकी जगात कुठेही उघडत नाही.

पोर्टिंगमध्ये, म्हणजे एका सिस्टिमवरचं टूल दुसरीवर चालतं करण्यात, बिल्ड करणं ही मधली पायरी आहे. लोक तिला पहिली समजतात आणि शेवटचीही समजतात, सगळा घोळ तिथे आहे.

उदाहरणाला एकच टूल शेवटपर्यंत धरतो. मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या छापणारं, पायथन भाषेत आणि क्यूटी (खिडक्या-बटणं बनवणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) वापरून लिहिलेलं, जीपीएल या मुक्त परवान्याखालचं. त्यात पीडीएफ जोडणारा छोटा भाग सी भाषेत आहे. उबुंटू या लिनक्सवर ते बिनतक्रार चालत होतं. मग रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या ओळखीच्या मंडळांना ते हवं झालं, आणि तिथे एकाकडेही उबुंटू नव्हतं. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

## १. कोड उघडण्याआधी

आधी बघा की काम कुणी करून ठेवलंय का. मूळ प्रकल्पाच्या तक्रारींच्या यादीत "विंडोज" आणि "मॅक" शोधा, बंद झालेल्या तक्रारींतही. मग एमसिस२ (विंडोजसाठी), होमब्रू आणि मॅकपोर्ट्स (मॅकसाठी) या मुक्त सॉफ्टवेअरच्या संग्रहांतल्या पॅकेजांत शोधा. तिथे पॅकेज असेल तर त्यासोबत त्यांनी लावलेले पॅच, म्हणजे कोडमधले बदल, तेही उघड्यावर असतात. अर्धी मेहनत तिथेच वाचते.

दुसरं, परवाना. फक्त टूलचा नाही, त्याने ओढलेल्या प्रत्येक लायब्ररीचा. लिनक्सवर लायब्ररी डिस्ट्रो, म्हणजे उबुंटूसारखी लिनक्सची तयार आवृत्ती, पुरवते. विंडोज-मॅकवर ती तुम्ही तुमच्या पॅकेजात घालून वाटता, म्हणजे वाटपाची जबाबदारी तुमची. पायथनला क्यूटी जोडणारे दोन पर्याय आहेत. पायसाइड एलजीपीएल या जरा सैल परवान्याखाली मिळतं, पायक्यूटी जीपीएल किंवा विकतच्या परवान्याखाली. तुमचं टूल एमआयटी परवान्याचं असलं तरी पायक्यूटी घालून बनवलेलं पॅकेज वाटताना जीपीएलच्या अटी लागू होतात. ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी ३.० पासून अपाची २.० परवान्याखाली आहे. तो जीपीएल ३ बरोबर जमतो, पण "फक्त जीपीएल २" असं लिहिलेल्या कोडबरोबर जमत नाही.

तिसरं, किती जुन्या सिस्टिमपर्यंत जायचं ते आत्ताच ठरवा आणि लिहून ठेवा. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला, पण मंडळाच्या खोलीत अजून विंडोज ७ सापडतं. जेल रोडवरून घेतलेला वापरलेला लॅपटॉप, रॅम चार जीबी, सिस्टिम ३२ बिटी. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८ आहे. क्यूटी ६ ला किमान विंडोज १० लागतं. म्हणजे विंडोज ७ ला हो म्हणालात की जुनं पायथन, जुनं क्यूटी आणि सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या लायब्रऱ्या हे सगळं गळ्यात. आम्ही नाही म्हणालो. एका मंडळाला तो लॅपटॉप पुसून त्यावर हलकं लिनक्स टाकून दिलं, ते पोर्टिंगपेक्षा सोपं गेलं.

चौथं, मॅक आहे का तुमच्याकडे? मॅकओएस परवान्यानुसार फक्त अ‍ॅपलच्याच मशीनवर चालवता येतं. मॅक नसेल तर गिटहब या साइटवरच्या सार्वजनिक रिपॉझिटरीला (प्रकल्पाच्या कोडच्या कोठाराला) विंडोज आणि मॅकची बिल्ड मशीन फुकट मिळतात, त्यांवर बिल्ड करा. पण शेवटच्या तपासणीसाठी एक माणूस मॅकसकट लागतो. तो आधी शोधा. आम्हाला एका कॉलेजात जाणारी भाची सापडली.

तपासा: एका कागदावर चार ओळी झाल्या का? कुणी आधी केलंय का, परवाने, किमान सिस्टिम, तपासायला कोण. नसतील तर पुढे जाऊ नका.

## २. घरचं आधी नीट करा

जे लिनक्सवरच नीट बिल्ड होत नाही ते बाहेर नेऊ नका. एक कोरा कंटेनर किंवा व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा वेगळा संगणक) घ्या, त्यात प्रकल्पाच्या वाचा-मला फाइलमध्ये लिहिलंय तेवढंच करा आणि बघा. आमच्या फाइलमध्ये तीन लायब्रऱ्यांचा उल्लेखच नव्हता. माझ्या मशीनवर त्या दुसऱ्याच कुठल्या कामासाठी केव्हातरी बसवलेल्या होत्या.

मग डिपेंडन्सीची, म्हणजे टूल ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या गोष्टींची, यादी करा. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी: विंडोजवर आहे का, मॅकवर आहे का, नसेल तर काय. आमच्या यादीत एकच ओळ अडली. छपाईसाठी कोड थेट "एलपी" ही कमांड हाक मारत होता. ती कप्स या छपाई व्यवस्थेची कमांड आहे. लिनक्सवर आणि मॅकवर असते, विंडोजवर नसते. ती काढून क्यूटीची स्वतःची छपाई वापरली. हा बदल आम्ही लिनक्सवरच केला, तिथेच तपासला, तिथेच कमिट केला.

ही सवय लावून घ्या. पोर्टिंगसाठी लागणारे शक्य तितके बदल घरच्या सिस्टिमवर, जिथे सगळं चालतंय तिथेच करायचे. परक्या सिस्टिमवर एका वेळी एकच गोष्ट नवी असावी.

टेस्ट नसतील तर निदान दहा लिहा. दहा पावत्या, त्यांची अपेक्षित फाइल, आणि तुलना. त्या दहा पुढे तुम्हाला शंभर तासांना पुरतात.

## ३. गृहीतकांची शिकार

आता पूर्ण कोडमध्ये शब्दशोध चालवा. काय शोधायचं:

- स्लॅशने सुरू होणारे पक्के पत्ते: टीएमपी, यूएसआर, होम, प्रोक. "प्रोक" विंडोजवरही नाही, मॅकवरही नाही.
- शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) मारलेल्या हाका. प्रत्येक हाक ही एक डिपेंडन्सी आहे, यादीत नसलेली.
- "फोर्क", म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढणं. विंडोजवर हा प्रकारच नाही.
- तारखेचा साचा. दिवसापुढचा शून्य काढायला लिनक्सवर टक्क्यानंतर वजाचं चिन्ह घालतात. विंडोजवर तिथे हॅश लागतो.
- टाइमझोन. पायथन लिनक्स-मॅकवर सिस्टिमचा टाइमझोनचा डेटा वाचतं. विंडोजवर तसा डेटा नसतो, त्यामुळे "एशिया/कोलकाता" म्हटलं की एरर. टीझेडडेटा हे पॅकेज यादीत घाला.

शेल स्क्रिप्ट असतील तर मॅकवर वेगळी गंमत. मॅकसोबत येणारा बॅश हा शेल अजून ३.२ आहे. पुढच्या आवृत्त्या जीपीएल ३ खाली गेल्या आणि अ‍ॅपल तिथेच थांबलं. त्यामुळे बॅश ४ मध्ये आलेले असोसिएटिव्ह अ‍ॅरे चालत नाहीत. मॅकचा "सेड" (मजकूर बदलणारी कमांड) बीएसडी घराण्यातला आहे. जागच्या जागी बदल करणारा "आय" पर्याय तिथे पुढे एक शब्द मागतो, निदान रिकामं अवतरण. लिनक्सवर तोच पर्याय काही मागत नाही. माझं मत विचाराल तर बिल्डमधली प्रत्येक शेल स्क्रिप्ट पायथनमध्ये लिहून टाका. एक संध्याकाळ जाते, पुढचे सहा महिने वाचतात.

सेटिंग आणि डेटा कुठे ठेवायचा हे हाताने लिहू नका. लिनक्सवर होममधलं डॉट-कॉन्फिग, विंडोजवर अ‍ॅपडेटा, मॅकवर लायब्ररीच्या आतलं अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट. क्यूटीला हे तिन्ही पत्ते माहीत असतात, त्याला विचारा. पायथनचं प्लॅटफॉर्मडर्स पॅकेजही तेच करतं.

थांबा: टूल स्वतःच्या फोल्डरमध्ये काही लिहितं का? विंडोजवर प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. मॅकवर अ‍ॅपच्या आत लिहिलंत तर त्याची डिजिटल सही मोडते.

## ४. नावं आणि अक्षरं

इथे घाई करू नका. इंग्रजी मार्गदर्शकांत हा भाग दोन ओळींत उरकतात, कारण त्यांचं अडत नाही. आपलं अडतं.

फाइलची नावं. विंडोजवर नावात कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, उभी रेघ, लहान-मोठ्याची चिन्हं आणि दोन्ही स्लॅश चालत नाहीत. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागाही नाही. आमचं टूल पावतीच्या फाइलला नाव आणि वेळ देत होतं, "पाटील १९:३०" असं. लिनक्सवर वर्षभर चाललं. विंडोजवर पहिल्याच पावतीला आडवं झालं. शिवाय सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल ही रोमन अक्षरांतली जुन्या उपकरणांची नावं राखीव आहेत. रिपॉझिटरीत या नावाची सोर्स फाइल असेल तर कोड विंडोजवर उतरवतानाच अडकू शकतो.

पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची. उलट बाजूने लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटची, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) तीन बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा-हलन्त वेगळे मोजून ८५ चिन्हं. देणगीदाराचं नाव, बापाचं नाव, "यांच्या स्मरणार्थ" आणि कॉलनीचा पत्ता एकत्र केलात की ८५ लवकर संपतात.

लहान-मोठी लिपी हा रोमन अक्षरांचा प्रश्न, पण कोडमध्ये तो येतो. लिनक्सला दोन वेगळ्या फाइली दिसतात तिथे विंडोजला आणि मॅकच्या नेहमीच्या डिस्कला एकच दिसते. रिपॉझिटरीत अशी जोडी असेल तर एक फाइल दुसरीला खाते, मुकाट्याने.

एन्कोडिंग. पायथन ३.१४ पर्यंत, फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर विंडोजवर सिस्टिमचं कोडपेज (जुनं अक्षर-कोष्टक) धरलं जातं, आपल्याकडे बहुधा १२५२. यादीत "पाटील" असेल तर प्रोग्राम थांबत नाही, फक्त पडद्यावर कचरा दिसतो: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं गोल चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तीच वरात. पण यादीत "कुलकर्णी" आले की प्रोग्राम एरर देऊन मरतो.

आम्ही एक अख्खा रविवार हेच बघत होतो की कुलकर्ण्यांनी काय घोडं मारलंय. कारण बाइटमध्ये आहे. १२५२ मध्ये पाच बाइटना अर्थच दिलेला नाही. ऱ्हस्व उकाराचा आणि हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका त्या पाचांतला आहे. "पाटील" किंवा "शिंदे" यात तसा बाइट नाही, म्हणून ते गुपचूप बिघडतात. तेव्हा चाचणीच्या यादीत जोडाक्षर आणि उकार असलेली नावं हवीतच, आणि ती नसलेलीही हवीत.

उपाय एका ओळीचा आहे: फाइल उघडण्याच्या प्रत्येक जागी यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. प्रत्येक जागी. एक जरी राहिली तरी कुलकर्णी येणारच.

सीएसव्ही बाहेर काढत असाल तर एक अपवाद. एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकने उघडणाऱ्या सीएसव्हीला सुरुवातीला बीओएम हे खूणचिन्ह लागतं, नाहीतर देवनागरी बिघडते. तेच चिन्ह शेल स्क्रिप्टच्या सुरुवातीला पडलं तर लिनक्सवर स्क्रिप्ट चालत नाही. म्हणून बीओएम फक्त त्या एका निर्यातीत, बाकी कुठेही नाही.

(टायपिंगच्या दुकानातून यादी क्रुतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये आली असेल तर हा एन्कोडिंगचा प्रश्नच नव्हे. ती रोमन अक्षरं आहेत, देवनागरीचा सदरा घातलेली. आधी रूपांतर, मग टूल.)

ऱ्याचं दुखणं. हे मराठीचं खास. "कऱ्हाडे" हे आडनाव घ्या. त्यातला ऱ्ह यूनिकोडमध्ये कमीत कमी तीन तऱ्हांनी लिहिला जातो. नुक्त्याचा ऱ हे एकच चिन्ह आणि हलन्त. साधा र, वेगळा नुक्ता आणि हलन्त. किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. तिन्ही दिसायला सारखेच, संगणकाला तीन वेगळे शब्द.

मॅकची जुनी फाइल सिस्टिम एचएफएस प्लस नाव साठवताना पहिल्याचं दुसरं करून टाकायची. नवी एपीएफएस तसं करत नाही, पण जुन्या डिस्कवरून आलेली नावं तशीच सुटी असतात. परिणाम असा की फाइल डोळ्यांना दिसते आणि टूल म्हणतं "कऱ्हाडे सापडले नाहीत". तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंना एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करणारा यूनिकोडचा नियम) लावा. त्याने पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, त्याला तुमच्या कोडमध्ये वेगळा नियम लिहावा लागतो. आम्ही तो लिहिला, चार ओळींचा आहे.

तपासा: पाटील, कुलकर्णी आणि तिन्ही तऱ्हांचे कऱ्हाडे यांच्या पावत्या बनवा, बंद करा, पुन्हा शोधा. तिन्ही सिस्टिमवर. आणि विंडोजवर एक वापरकर्ता देवनागरी नावाचा, मध्ये मोकळी जागा असलेला, असा तयार करून त्याच्या खात्यातून टूल चालवा.

## ५. सिस्टिमचा भाग एका जागी

जिथे खरोखर वेगळं वागावं लागतं तो कोड एका फाइलमध्ये गोळा करा. सगळ्या कोडभर "विंडोज असेल तर" विखुरलंत तर तीन महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही. आणि विचारताना सिस्टिमचं नाव विचारू नका, सोय आहे का ते विचारा. सीमेक आणि मेसॉन या बिल्डच्या दोन्ही साधनांना हे तपासता येतं. त्याचा फायदा असा की उद्या कुणी फ्रीबीएसडीसारख्या चौथ्या सिस्टिमवर नेलं तर निम्मं काम आपोआप होतं.

सी भाषेच्या भागात एक खड्डा सगळ्यांच्या वाटेत आहे. "लाँग" ६४ बिटी लिनक्स आणि मॅकवर आठ बाइटचा, ६४ बिटी विंडोजवर चारच. फाइलमध्ये आकडे लिहीत असाल तर रुंदी सांगणारे प्रकार वापरा. आणि फाइल उघडताना बायनरीचा "बी" विसरू नका. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये ओळीच्या शेवटचं चिन्ह बदलतं आणि पीडीएफ बिघडते.

उघडी फाइल लिनक्सवर पुसता येते, विंडोजवर सहसा नाही. पायथनमध्ये "रीनेम" विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर एरर देतं. "रिप्लेस" दोन्हीकडे सारखं वागतं. तेच वापरा.

ओळींच्या शेवटासाठी रिपॉझिटरीत गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल घाला, शेल स्क्रिप्टना कायम लिनक्सचा शेवट सक्तीचा करा. प्रत्येकाच्या गिट सेटिंगवर सोडू नका.

## ६. आता बिल्ड

एका वेळी एक सिस्टिम, आणि त्यातही टूलची खिडकी, म्हणजे पडद्यावरचा भाग, शेवटी. आधी टूलचा गाभा कमांडलाइनवरून चालवा: यादी वाच, पावती बनव, फाइल लिही. त्या दहा टेस्ट इथे चालल्या की मगच क्यूटीच्या खिडक्यांना हात लावा.

विंडोजवर कंपाइलरचं घराणं एकच निवडा. एमसिस२ मधलं मिनजीडब्ल्यू किंवा मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर. लिनक्समधून येणाऱ्यांना एमसिस२ सोपं जातं, त्यातलं यूसीआरटी६४ वातावरण घ्या. सी++ च्या लायब्रऱ्या एका घराण्यात बनवून दुसऱ्यात जोडू नका. जोडल्या जात नाहीत, आणि ज्या जोडल्या जातात त्या नंतर छळतात. नेटवरून सुटी डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) उतरवून फोल्डरमध्ये टाकणं हे तर करूच नका, त्यात काय येईल सांगता येत नाही.

पायइन्स्टॉलर (पायथन टूलचं पॅकेज बनवणारा) वापरणार असाल तर तो ज्या सिस्टिमवर चालतो तिच्यासाठीच पॅकेज बनवतो. लिनक्सवर बसून विंडोजचं बनत नाही.

मॅकवर किमान आवृत्ती बिल्ड सुरू करण्याआधी सांगा. होमब्रूच्या तयार लायब्रऱ्या तुमच्या मशीनवरच्या मॅकओएससाठी बनलेल्या असतात. त्या पॅकेजात घातल्यात की जुन्या मॅकवर टूल उघडत नाही, तुम्ही स्वतः काहीही सांगितलं असलं तरी. इंटेल आणि अ‍ॅपल सिलिकॉन या दोन्ही प्रोसेसरांसाठी वेगळी पॅकेजं देणं हे एकत्र पॅकेज बनवण्यापेक्षा कमी डोकेदुखीचं.

एकाहून जास्त प्रोसेस चालवणारं पायथन असेल तर मुख्य भागाला "मेन" ची राखण हवी आणि फ्रीझ-सपोर्टची हाकही. नाहीतर पॅकेज उघडल्यावर एकाच्या दहा खिडक्या होतात आणि लॅपटॉपचा पंखा विमानासारखा वाजतो.

लिनक्सच्याच इतर डिस्ट्रोंसाठी अ‍ॅपइमेज बनवत असाल तर एवढंच: ज्या सर्वांत जुन्या डिस्ट्रोवर चालायला हवं तिच्यावर बिल्ड करा. नव्या जीलिबसीवर (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर) बनलेलं जुन्यावर चालेल याचा भरवसा नाही.

## ७. पॅकेज

विंडोजसाठी क्यूटीचं विनडिप्लॉयक्यूटी, मॅकसाठी मॅकडिप्लॉयक्यूटी. हे क्यूटीच्या लायब्रऱ्या गोळा करतात. बाकीच्या तुम्ही बघा. एमसिस२ मध्ये "एलडीडी" कमांड कुठली डीएलएल कुठून उचलली ते दाखवते. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या सोडून उरलेल्या सगळ्या पॅकेजात हव्यात. मॅकवर हेच काम "ओटूल" करतं. तिथे ऑप्ट-होमब्रू किंवा यूएसआर-लोकल असा पत्ता दिसला की समजा ते टूल दुसऱ्या मॅकवर चालणार नाही. पत्ते बदला, आणि बदलल्यानंतर सही पुन्हा करा. अ‍ॅपल सिलिकॉनवर निदान स्थानिक सही नसलेला प्रोग्राम सुरूच होत नाही.

फॉन्ट बरोबर द्या. विंडोजवर देवनागरीसाठी निर्मला आणि मंगल, मॅकवर कोहिनूर, लिनक्सवर नोटो किंवा लोहित. प्रत्येकाची रुंदी वेगळी, म्हणून पावतीवरची रक्कम चौकटीबाहेर जाते. नोटो देवनागरी मुक्त परवान्याखाली आहे, ती पॅकेजात घाला आणि पावतीला तीच लावा.

पायइन्स्टॉलरचं एकाच फाइलचं पॅकेज दिसायला सुटसुटीत, पण ते दर वेळी तात्पुरत्या फोल्डरमध्ये स्वतःला उलगडतं आणि अँटिव्हायरसला संशय येतो. फोल्डरचं पॅकेज बनवा, वर इन्स्टॉलर चढवा.

मॅकवर अनोळखी विकसकाचं अ‍ॅप विनाअडथळा उघडायचं तर अ‍ॅपलकडे वर्षाला ९९ डॉलर भरून नोटरायझेशन, म्हणजे त्यांच्या तपासणीची मोहर, लागतं. ते परवडत नसेल तर वापरणाऱ्याला सिस्टिम सेटिंगमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन परवानगी द्यावी लागते. उजव्या क्लिकची जुनी पळवाट २०२४ च्या सिकोया या मॅकओएसपासून बंद आहे. हे चित्रासह लिहून द्या. आम्ही नाही लिहिलं आणि पुढचे चार दिवस फोनवर तेच समजावत बसलो.

## ८. कोरं मशीन

ज्या मशीनवर बिल्ड केलं तिथे तपासणं म्हणजे आपल्याच आईला विचारणं, जेवण कसं झालंय.

विंडोज प्रोमध्ये सँडबॉक्स मिळतो, दर वेळी कोरा. होम आवृत्तीत तो नाही, तिथे व्हर्च्युअल मशीन घ्या. आणि पॅकेज तिथे पेन ड्राइव्हने नेऊ नका, ब्राउझरने डाउनलोड करा. मॅक डाउनलोड केलेल्या फाइलवर क्वारंटाइनची खूण लावतो, विंडोजही आपली खूण लावतं. पेन ड्राइव्हवरून नेलं की ती खूण बहुधा नसते, म्हणून तुमच्यासमोर चालतं आणि लोकांकडे "अ‍ॅप खराब आहे, कचऱ्यात टाका" असं येतं. आमच्या भाचीच्या मॅकवर नेमकं हेच झालं, आणि मी पहिले दोन तास तिचं डाउनलोड अर्धवट झालं असं म्हणत होतो.

टर्मिनलमधून नाही, आयकॉनवर दुहेरी क्लिक करून उघडा. मॅकवर असं उघडलेल्या अ‍ॅपला तुमच्या टर्मिनलचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या ती यादी) मिळत नाही आणि चालू फोल्डर मुळाशी असतो. चालू फोल्डरवर भिस्त ठेवलेला कोड इथे उघडा पडतो.

विंडोजच्या पहिल्या वाटपानंतर मंडळाच्या खजिनदार काकांचा फोन आला.

"अरे, तुझं ते पावतीचं उघडतच नाही."

"काका, पडद्यावर काय लिहून येतंय?"

"लिहून कसलं येतंय, काळी खिडकी येते नि जाते. वाचायला वेळ कुठे देते ती!"

त्या काळ्या खिडकीत कारण लिहिलेलं होतं. एक डीएलएल राहिली होती. तेव्हापासून टूल सुरू होताच पहिलं काम लॉग फाइल उघडण्याचं, आणि तिचा पत्ता मदतीच्या पानावर मोठ्या अक्षरांत. लॉगही सुरू होण्याआधीच कोसळलं तर निदान विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नोंद बघता येते.

तपासा: नेट बंद करून चालवा. पडदा १२५ टक्के मोठा करून बघा, लॅपटॉपवर बहुधा तेच असतं. प्रिंटर नसताना छपाई दाबा. जुनी आवृत्ती असताना नवी बसवा आणि आधीच्या पावत्या शिल्लक आहेत का बघा. काढून टाका, आणि मागे काय राहिलं ते बघा.

## ९. मूळ प्रकल्पाला परत

पॅच स्वतःजवळ ठेवलेत तर पुढच्या आवृत्तीला सगळं पुन्हा. एक बदल, एक पॅच. "विंडोज पोर्ट" नावाची चार हजार ओळींची गाठोडी कुणी वाचत नाही. एन्कोडिंगचा वेगळा, छपाईचा वेगळा, रिप्लेसचा वेगळा. घरच्या लिनक्सलाही ज्यांचा फायदा आहे ते आधी पाठवा, ते पटकन घेतले जातात आणि पुढच्यांना ओळख मिळते.

मूळ प्रकल्पाने बिल्डमध्ये विंडोज आणि मॅकची मशीन जोडायला होकार दिला तर लगेच जोडून घ्या. नाहीतर पुढच्या महिन्यात कुणीतरी पुन्हा वेळेत कोलन घालेल.

जीपीएलचं टूल वाटताना तयार पॅकेज जिथे ठेवलंय तिथेच त्या आवृत्तीचा पूर्ण सोर्सही ठेवा, तुमच्या पॅचसकट आणि बिल्डच्या स्क्रिप्टसकट. स्क्रिप्ट लोक हमखास विसरतात, जीपीएल सोर्समध्ये त्याही मोजतं. पॅकेजात घातलेल्या प्रत्येक लायब्ररीची परवाना फाइल एका फोल्डरमध्ये.

वाटपाची तारीख गणपतीच्या किमान तीन आठवडे आधीची धरा. आम्ही पहिल्या वर्षी चार दिवस आधी दिलं, आणि सुदामा नगरच्या मंडळाने त्या वर्षी पावत्या कार्बन लावून हातानेच फाडल्या.